आषाढात घेतलेली गाडी

“शास्त्रीबुवा, जरा सरकता का? तुमची शेंडी ‘स्वस्त’च्या आड येते आहे.”

मी सरकलो. भार्गवराव खासनिसांनी खडूचे टोक पाण्यात बुडवले, भिंतीला टेकवलेल्या काळ्या फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली आणि डावीकडे ‘स्वस्त’ व उजवीकडे ‘महाग’ हे दोन शब्द अशा निष्ठेने रेखले, की चौरंगावर अष्टदल काढणाऱ्या माझ्या हाताला लाज वाटावी. फेब्रुवारीची ती अखेरची संध्याकाळ होती. त्या काळी देशाचा अर्थसंकल्प सायंकाळी पाच वाजता मांडला जाई. आणि आमच्या माहुलपेठेत, निदान आमच्या आळीत, भार्गवरावांच्या बैठकीच्या खोलीत फळ्यावर चढल्याखेरीज तो लागू झाला असे कोणी मानत नसे.

या दिवशी भार्गवराव दुपारी दुसऱ्यांदा स्नान करीत. धूतवस्त्र नेसत. दूरदर्शन संचावरील विणलेले आच्छादन घडी घालून बाजूस ठेवीत, काच ओल्या फडक्याने पुसत आणि समोर उदबत्ती लावीत. आळीतील प्रतिष्ठित मंडळी सतरंजीवर मांडी घालून बसत. सर्वांत पुढे मी, कारण माझ्या वयाला तो मान होता. आणि माझ्याशेजारी दिनानाथ पोतदार सराफ, कारण त्यांना ऐकू कमी येई आणि बोलणे अधिक सुचे.

“काय शास्त्रीबुवा,” भार्गवराव म्हणाले, “तुमच्या पंचांगात आज काय लिहिलंय?”

“सामान्य दिवस आहे.”

“ऐका! अवघ्या देशाचं भवितव्य आज ठरतंय आणि यांच्या पंचांगाला त्याचा पत्ता नाही. तुमच्या शनी-मंगळाला उत्पादन शुल्क म्हणजे काय ते तरी ठाऊक आहे का?”

“नसावं,” मी म्हणालो. “म्हणूनच ते इतकी युगं नियमित फिरताहेत.”

पोतदार मोठ्याने हसले. आतून भार्गवरावांच्या पत्नी उमाबाईंचा आवाज आला, “हसा, हसा. गेल्या वर्षी साबण महागणार म्हणून पेटीच्या पेटी आणून ठेवली. साबण झाला स्वस्त. अजून आमच्याकडे तुरीच्या डाळीला चंदनाचा वास येतोय.”

“ते धोरण होतं!” भार्गवराव गरजले.

“धोरण तुमचं, फेस आमचा.”

त्या आवाजामागोमाग सून वैजयंती चहाचे कप घेऊन बाहेर आली. भार्गवरावांनी तिच्याकडे पाहून प्रसन्नतेने मान हलवली. “वैजयंती, आज बघच तू. दुचाकीवरचं शुल्क आज उतरणार. दोन वर्षं तुला थांबवलं ते उगाच नाही.”

“हो, मामंजी,” ती म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले. मी कोनाड्यातील गणपतीकडे पाहू लागलो.

भार्गवराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. वृत्तीने सज्जन, वाचनाने चौफेर. ग्रहताऱ्यांवर विश्वास ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांची त्यांना मनापासून कीव येई. कारण त्यांचा विश्वास फक्त अर्थसंकल्पावर होता. घराला रंग द्यायचा असो, मिक्सर घ्यायचा असो, माळ्यावरची गळती बुजवायची असो, त्यांच्या मुखातून एकच मंत्र निघे : “बजेट होऊ दे.” उमाबाईंच्या चष्म्याची काच तडकली, तेव्हा काचेवरील आयात कर उतरेपर्यंत ती माउली जवळजवळ वर्षभर तांदूळ बोटांनी चाचपून निवडत होती. कर उतरला नाही. तांदळातील खडे मात्र भार्गवरावांच्या दाताखाली नियमाने येत, आणि ते त्याचे खापर जागतिक परिस्थितीवर फोडत.

मुलगा श्रीपाद वापीला एका कारखान्यात होता. सून इथे. तिला वाघजाईवाडीच्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली तेव्हा घराला मोठा आधार झाला; परंतु वाघजाईवाडी घाटाच्या पायथ्याशी, आणि तिकडे जाणारी सरकारी बस ही केवळ श्रद्धेचा विषय होती. खाजगी वडापची जीप असे; पण ती माणसांनी ओसंडल्याखेरीज जागची हलत नसे. पहिल्याच वर्षी वैजयंती तीनदा उशिरा पोहोचली. मुख्याध्यापकांनी तिला बोलावून सांगितले, “बाई, तुमचं शिकवणं उत्तम आहे. पण आणखी एकदा प्रार्थना चुकली, तर कायम करण्याची शिफारस माझ्या हातून होणार नाही.”

तिने आपल्या पगारातून मोपेडपुरते पैसे बाजूला टाकले होते. सासऱ्यांना विचारले. उत्तर आले, “बजेट होऊ दे.” बजेट झाले. दुचाकीचे नावही निघाले नाही. “पुढच्या वर्षी नक्की,” भार्गवराव म्हणाले, आणि वर्तमानपत्राची घडी उलगडून आत गडप झाले.

त्यानंतरच्या आषाढातील एक दुपार मला स्वच्छ आठवते. मी परसात गाईला कडबा घालत होतो. वैजयंती छत्री मिटून गोठ्याच्या दाराशी उभी राहिली.

“काका, एक मुहूर्त हवा होता. वाहनाचा.”

“आषाढ चालू आहे, पोरी.”

“शाळाही चालू आहे, काका.”

जन्मभर मी लोकांना मुहूर्त काढून दिले. त्यांपैकी निम्म्या लोकांना तो केवळ एकमेकांना ताटकळत ठेवण्यासाठी हवा असे. या मुलीला पोहोचण्यासाठी हवा होता. मी पंचांग आणले, उघडले, आणि मिटले. “उद्या सकाळी घेऊन ये,” मी म्हणालो. “राहुकाळ तेवढा टाळ. आणि ठेवणार कुठे?”

ती गोठ्याकडे पाहू लागली.

अशा रीतीने एक निळी मोपेड माझ्या कपिलेच्या शेजारी राहू लागली. किल्ली कपिलेच्या दाव्याच्या खुंटीला टांगलेली असे. भार्गवराव कपिलेला घाबरत, कारण तिने एकदा त्यांच्या हातातील आर्थिक पुरवणी खाल्ली होती. त्यामुळे ते माझ्या परसात पाऊल टाकण्याचा संभव नव्हता. रोज सकाळी वैजयंती खांद्याला पिशवी लावून, पायी, घराबाहेर पडे, कोपरा वळे, माझ्या परसातून गाडी काढी आणि निघून जाई. साऱ्या आळीला हे ठाऊक होते. उमाबाईंना तर सर्वांच्या आधी. मला असत्य बोलणे वर्ज्य असल्याने मी एवढेच व्रत पाळले, की भार्गवरावांशी वाहन, रस्ता, पेट्रोल यांपैकी कोणताही विषय निघालाच तर मी तत्काळ जपाची माळ काढीत असे. त्या वर्षात माझा जप विक्रमी झाला.

पुढे घडले ते मात्र आमच्यापैकी कोणाच्याही कल्पनेत नव्हते. सून वेळेवर पोहोचते, मुख्याध्यापक तिची प्रशंसा करतात, हे भार्गवरावांच्या कानी आले. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन निष्कर्ष सांगितला.

“शास्त्रीबुवा, हा गेल्या अर्थसंकल्पाचा परिणाम.”

“कोणता?”

“बस सुधारली! वैजयंती रोज वेळेवर जाते. वरून निधी सुटतो, तो झिरपत झिरपत खाली यायला वेळ लागतो. तुम्ही लोक धीर धरत नाही.”

मी माळ काढली.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. दिवाळीनंतर त्यांनी नागरिकांच्या वतीने बस आगाराच्या व्यवस्थापकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार घडवून आणला. स्वस्तिवाचन मलाच करावे लागले. त्या गृहस्थांनी सेवाकाळात प्रवाशांच्या शिव्यांखेरीज काही स्वीकारलेले नव्हते. खांद्यावर शाल पडताच त्यांचे डोळे पाणावले. आपण नेमके काय केले हे त्यांनी भार्गवरावांना हळूच विचारलेही. भार्गवरावांना तो विनय वाटला.

आता त्या संध्याकाळी, संचावर मंत्रिमहोदय उभे राहिले होते. त्यांनी प्रारंभी एक शेर म्हटला. पोतदारांना तो ऐकू आला नाही, पण त्यांनी “वाहवा” म्हटले. मग आकडे सुरू झाले. भार्गवरावांचा खडू फळ्यावर इकडून तिकडे पळू लागला. संगणकाचे सुटे भाग स्वस्त. परदेशी मद्य महाग. हवाई प्रवासाची तिकिटे, काही औषधे, छायाचित्रणाची फिल्म. आमच्या आळीत विमानात कोणी बसलेले नव्हते. तरी तिकिटे स्वस्त होताच खोलीत एक सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

मध्येच डिझेलवरील करात वाढ झाल्याचे कानी पडले. भार्गवरावांनी ते उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिले.

“हे मोठं लिहा की,” मी म्हणालो.

“आपल्याला काय करायचंय? आपल्याकडे कुठे मालमोटार आहे?”

आणि मग ते वाक्य आले. दुचाकी वाहनांवरील उत्पादन शुल्कात कपात. भार्गवरावांच्या हातातील खडू मोडला. त्यांनी संचाला नमस्कार केला. अगदी हात जोडून केला.

“वैजयंती! अगं वैजयंती! उतरलं!”

ती दारात आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“चपला घाल. आत्ताच्या आत्ता मगदुमांकडे जायचं. उद्या वर्तमानपत्रात आलं की रांग लागेल. रंग तू निवड. शास्त्रीबुवा, तुम्ही पण चला. मुहूर्त पाहायला नव्हे. मुहूर्त न पाहता वाहन कसं घेतात ते पाहायला.”

बैठक जशीच्या तशी उठून रस्त्यावर आली. पुढे भार्गवराव, मागे पोतदार आणि मंडळी. वैजयंती मुद्दाम मागे राहून माझ्याशेजारून चालू लागली.

“काका, आता काय हो करायचं? उद्या शाळेत तपासणी आहे. शिक्षणाधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोरच कायम करण्याचं ठरायचंय. आज घरात काही झालं, तर…”

“मगदूम समजूतदार माणूस आहे,” मी म्हणालो. मनुष्यपरीक्षेत मी कच्चा आहे हे माझी पत्नी हयात असताना वारंवार सांगत असे.

शांतिनाथ मगदुमांचे मोपेडचे दुकान बाजाराच्या तोंडाशी होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ते दिवा लावून उदबत्ती ओवाळत होते. एवढा मोठा जमाव पाहून त्यांनी उदबत्ती घाईने खोचली.

“मगदूम,” भार्गवराव म्हणाले, “मोपेड दाखवा. नव्या भावाने.”

“दाखवतो की. बसा. भाव मात्र वाढलाय थोडा.”

“वाढलाय? अहो, मंत्र्यांनी आत्ताच शुल्क उतरवलं. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

“उतरवलं असेल हो. माझं म्हणणं नाही. पण कंपनीनं परवाच किंमत वाढवून ठेवलीय. आता त्यातनं शुल्क वजा झालं तरी पहिल्यापेक्षा चार पैसे वरच राहतंय.”

“म्हणजे मंत्री खोटं बोलतात?”

“छे, छे! मंत्री खरंच बोलतात. पण मंत्री माल पाठवत नाहीत. माल कंपनी पाठवते.”

पोतदारांनी कानामागे हात नेला. “काय म्हणतात? स्वस्त की महाग?”

“स्वस्त होऊन महाग,” मी त्यांच्या कानात सांगितले.

भार्गवरावांनी दुकानातील गाडीकडे एकदा पाहिले. मग त्यांनी पंचा सावरला. “हरकत नाही. हा कंपन्यांचा तात्पुरता खेळ आहे. कपातीचा लाभ ग्राहकापर्यंत यायला वेळ लागतो. आपण थांबू. वैजयंती, आणखी एक वर्ष.”

“चालेल, मामंजी,” वैजयंती इतक्या तत्परतेने म्हणाली, की तिच्या आज्ञाधारकपणाने दोन-चार जणांना खोकल्याची उबळ आली. मीही मनातल्या मनात कुलस्वामिनीला नारळ बोललो. आम्ही दुकानाची पायरी उतरलो. एवढ्यात मगदुमांनी मागून हाक मारली.

“अहो वहिनी! ती दुसरी सर्व्हिसिंग राहिलीय तुमच्या गाडीची. फुकट आहे, अन् तुम्ही येतच नाही. चेन ढिली झाली असेल बघा.”

रस्त्यावर आलेली सारी बैठक जागच्या जागी थबकली.

“कोणाच्या गाडीची?” भार्गवरावांनी विचारले.

 माझा हात सवयीने माळेकडे गेला. पण वैजयंती पुढे झाली.

“माझ्या, मामंजी. मोपेडची. आषाढात घेतली.”

“आषाढात?” भार्गवरावांचा आवाज चिरकला. “आषाढात कधी अर्थसंकल्प असतो का?”

“नाही, मामंजी. पण पाऊस असतो, आणि शाळा असते. माझ्या पगारातून घेतली. तुम्हाला न विचारता घेतली, हे माझं चुकलं असेल. पण त्या दिवसापासून एकदाही प्रार्थना चुकली नाही.”

“आणि मुहूर्त?”

“शास्त्रीकाकांनी दिला.”

सर्व माना माझ्याकडे वळल्या. “राहुकाळ टाळला होता,” मी म्हणालो. त्या क्षणी मला याहून अधिक शास्त्रोक्त काही सुचले नाही.

भार्गवरावांच्या कपाळावरील आठ्या एकेक करून जुळत होत्या. गाडीचा राग त्यांना आला असावा. परंतु त्यांच्या मनाची घसरण त्याहून खोल ठिकाणी चालली होती, हे मला दिसत होते. “म्हणजे तू बसने जात नाहीस,” ते सावकाश म्हणाले. “मग बस?”

“बस पूर्वी यायची तशीच येते, मामंजी. मनात आलं तर येते.”

“म्हणजे भार्गवराव,” पोतदारांना हे मात्र स्पष्ट ऐकू आले होते, “तुम्ही शाल घातलीत ती कोणाला? मोपेडला?”

लोक हसले. हसू आवरणे मलाही जड गेले. भार्गवराव मात्र ताठ झाले. सूनबाईंनी परस्पर गाडी घेतली हे त्यांनी कदाचित चार दिवसांनी पचवले असते. पण बस सुधारली नाही, हे मान्य करणे म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातील मूर्तीच उचलून नेण्यासारखे होते.

“तू गाडीने जातेस, म्हणून तुला बस दिसत नाही,” ते म्हणाले. “बस वेळेवर येतेच. उद्या तू माझ्याबरोबर बसने येशील. मी स्वतः तुला शाळेत पोहोचवतो. बस वेळेवर आली, की गाडी मगदुमांच्या दारात परत.”

“मामंजी, उद्या नको. उद्या तपासणी आहे.”

“म्हणूनच उद्या! सरकारी तपासणीला सरकारी वाहनानेच जावं. शास्त्रीबुवा, तुम्ही साक्षीला या.”

“आणि बस नाही आली तर?” मी विचारले.

“न यायला काय झालं?” भार्गवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाईंनी सुनेच्या हातावर दही घातले आणि नवऱ्याच्या हातात छत्री दिली. “लागेल तुम्हाला,” त्या एवढेच म्हणाल्या. आम्ही तिघे स्थानकावर आलो. पत्र्याची शेड, एक मोडके बाक, आणि आमच्या आधीपासून उभ्या असलेल्या पाच-सहा बायका. त्यांत वाघजाईवाडीच्या आरोग्य केंद्रातील परिचारिका जोहराबी मुजावर होत्या. त्या एरवी वैजयंतीच्या मागे बसून जात. तिला पायी आलेली पाहून त्या दचकल्या.

“ताई, गाडी बिघडली?”

“नाही. आज बसने जायचंय. हे माझे सासरे.”

जोहराबींनी भार्गवरावांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळले. “तुम्हीच का ते शालवाले?”

“होय,” भार्गवराव सावधपणे म्हणाले.

“बरं झालं भेटलात. आम्ही समद्या बायांनी सकाळच्या जादा बससाठी अर्ज दिला होता. कॉलेजच्या पोरी, आंगणवाडीच्या बाया, मी. सह्या गोळा करायला पायताणं झिजली. साहेब म्हणाले, लोक आमचा सत्कार करतात अन् तुम्ही तक्रार करता? ही बघा शाल. अन् कपाटातनं काढून दाखवली की हो आम्हाला.”

भार्गवरावांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. “त्याचं असं आहे, बाई,” ते म्हणाले, “अंमलबजावणीच्या स्तरावर कधी कधी…” 

बसची वेळ झाली आणि टळली. वैजयंती मनगटावरील घड्याळाकडे पाहत नव्हती. ती ते पदराखाली झाकून घेत होती. तेवढ्यात पोपट शेलारची वडापची जीप धुरळा उडवत आली. आत माणसे, टपावर भाज्यांच्या पाट्या.

“चला वाडी, वाघजाईवाडी! दोन माणसं बसतील. आजपासून भाडं वाढलंय, आधीच सांगतो. डिझेल चढलंय.”

वैजयंतीने पाऊल उचलले. भार्गवरावांनी छत्री आडवी धरली.

“थांब. काय रे, कर रात्री बारापासून लागू झाला. तुझ्या टाकीत डिझेल कधीचं?”

“कालचं.”

“मग भाडंही कालचंच घे!”

पोपटने खिडकीतून डोके बाहेर काढले. “मग कालच यायचं होतं, आजोबा.”

जीपमधील लोक खो-खो हसले. “काका, बसू द्या की तिला,” मी म्हणालो, आणि माझ्याहून धाकट्या माणसाला आपण काका म्हणालो हे माझ्या ध्यानात नंतर आले. “मामंजी, मी देते ना वाढीव भाडं,” वैजयंती काकुळतीने म्हणाली.

“पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे. ही बेकायदा वाढ आहे. एकाने दिली की सगळ्यांना द्यावी लागते.”

तत्त्वाच्या दोन जागा दोन गवळ्यांनी पटकावल्या आणि जीप निघून गेली. छत्री अजून आडवीच होती.

उन्हाची तिरीप पत्र्यावरून खाली उतरून आमच्या पायांवर आली. आता बस आली असती तरीही प्रार्थना मिळण्याची शक्यता जेमतेम होती. मोपेडने निघाले तर मात्र अजून मिळत होती. हे हिशेब वैजयंतीच्या चेहऱ्यावर उमटत होते, आणि भार्गवराव रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून बसले होते. तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली. वाकली. सासऱ्यांच्या पायांना हात लावला.

“मामंजी, आशीर्वाद द्या.”

“यशस्वी हो,” भार्गवरावांच्या तोंडून सवयीने निघून गेले. मग तिने माझे पाय धरले.  मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वळली आणि आमच्या आळीच्या दिशेने झपझप चालू लागली.

“काही विसरली वाटतं घरी,” भार्गवराव म्हणाले. “आता नेमकी बस येईल बघा.”

थोड्याच वेळात माझ्या परसाच्या दिशेने एक खरखर ऐकू आली. कोपऱ्यावर निळी मोपेड दिसली. पदर कमरेला खोचलेला, केस वाऱ्यावर. शेडसमोर ती क्षणभर थांबली. जोहराबी न सांगता मागे बसल्या. भार्गवराव उठून उभे राहिले. त्यांनी हात वर केला. तो थांबवण्यासाठी होता की काय, ते त्यांनाही उमगले नसावे.

“मामंजी, सावलीत बसा हो! ऊन लागेल!” वैजयंती ओरडली, आणि गाडी वळणाआड गेली.

प्रार्थनेची घंटा होण्यापूर्वी ती शाळेच्या अंगणात उभी होती, हे मला सायंकाळी उमाबाईंनी सांगितले. त्या उन्हाळ्यात ती कायम झाली. पुढे ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली, आणि गाडीही राजरोसपणे खासनिसांच्या अंगणात उभी राहू लागली. पण त्या सकाळी यातले काहीच ठाऊक नव्हते. धुरळा हळूहळू खाली बसत होता. बाकावर आम्ही दोघेच उरलो होतो. उरलेल्या बायका चालत निघाल्या होत्या.

“चला भार्गवराव,” मी म्हणालो. “घरी जाऊ.”

त्यांनी छत्री उघडली. अर्धी माझ्या डोक्यावर धरली. त्यांचे डोळे अजून रिकाम्या रस्त्यावर होते, आणि त्यांत राग नव्हता, खंत नव्हती. एकादशीला देवळाचे दार उघडण्याची वाट पाहणाऱ्या वृद्धाच्या डोळ्यांत असते तेवढी शांती होती.

“तुम्ही काल नीट ऐकलं नाहीत, शास्त्रीबुवा,” ते म्हणाले. “बस येणार. ग्रामीण वाहतुकीसाठी भरीव तरतूद केली आहे.”